अर्जापुरती सावत्र

तपासनीस आला तेव्हा काटेकाका एका सोनाराच्या तराजूचा पासंग काढत होते, आणि बारकी शेजारी बसून एकेक वजन चिमट्यानं उचलून मऊ कातड्यानं पुसत होती. वजनाला बोट लावायचं नाही, हा दुकानाचा पहिला नियम. बोटाचा घाम लागतो, वजन वाढतं, आणि मग ते वजन राहत नाही, नुसता पितळेचा तुकडा उरतो, असं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगत.

काटेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनकाटे दुरुस्त करण्यात हयात गेली म्हणून बाजारानं ते दिलं. भाजीवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्याकडे येत. एखादा दुकानदार हळूच म्हणे, ''काका, जरा आपल्या बाजूनं झुकू दे की.'' काका त्याचा काटा उचलून परत त्याच्या हातात देत. ''मागच्या गल्लीत जा. तिथं हवं ते झुकवून देतात.''

बारकी हेही नावच पडलेलं. सहा वर्षांची असताना ती या घरात राहायला आली तेव्हा खरोखर बारकी होती. आता ती काकूपेक्षा वीतभर उंच होती, पण नाव काही वाढलं नाही. तिचे बाबा म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. ते, आई आणि लहान भाऊ परदेशात होते. बाबा आधी गेले, मग त्यांनी आईला आणि धाकट्याला नेलं. बारकीचा अर्ज वेगळा करावा लागला, कारण ती आईच्या पहिल्या नवऱ्याची मुलगी. तो माणूस ती रांगत असतानाच वारला. तिकडच्या कायद्यानं सावत्र बापालाही मुलीसाठी अर्ज करता येतो, अट एवढीच की एकवीस पूर्ण व्हायच्या आत तिनं तिकडे पोचायला हवं. ''वर्षभराचा प्रश्न आहे,'' असं म्हणून तिला काका-काकूंकडे ठेवलं. त्या वर्षाला आता चौथं वर्ष लागलं होतं, आणि एकविसावा वाढदिवस दोन-तीन महिन्यांवर आला होता.

या घरात एक शब्द वापरात नव्हता, तो म्हणजे सावत्र. बारकीला यातलं काही ठाऊक नाही, अशी काका-काकूंची पक्की समजूत होती. अर्जावर तिची सही घेतली तेव्हा काकांनी पानाच्या वरच्या अर्ध्या भागावर तळहात दाबून धरला होता. ''कागद उडतो,'' ते म्हणाले होते. पंखा बंद होता. काकूनं तर त्याच्याही पुढची मजल मारली होती. बारकी याच घरात, वरच्या खोलीत, कशी जन्मली, जन्मली तेव्हा कशी ओंजळीत मावेल एवढी होती, दाई वेळेवर आली नाही म्हणून काकूलाच कसं सगळं करावं लागलं, मग आई-बाबांनी वेगळी खोली घेतली आणि काही वर्षांनी सगळे परत कसे आले, ही गोष्ट काकू इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगत आली होती की दाईचा स्वभावसुद्धा ठरून गेला होता. दाई तोंडाळ होती.

तपासनिसानं दारातच ओळखपत्र दाखवलं. वकिलातीकडून आलो, म्हणाला. मध्यम वयाचा, बूट धुळीनं पांढरे झालेले, बोलायला अगदी गोड माणूस. काकांनी त्याला स्टूल दिलं.

''अर्जदार आपले कोण?''

''धाकटा भाऊ.''

''आणि ही मुलगी?''

''पुतणी.''

''भावाची स्वतःची मुलगी?''

काकांनी तराजूवरची नजर काढली नाही. ''भावाची म्हणजे भावाचीच. दुसऱ्या कुणाची असेल?''

''तसं नाही. कधी कधी आधीच्या लग्नाची असते, दत्तक असते, म्हणून विचारतो.''

''साहेब, हे आमचं रक्त आहे. नाक बघा तिचं, आणि माझं बघा.''

तपासनिसानं दोन्ही नाकं बघितली. बारकीनं हातातलं वजन मखमलीच्या खाचेत नीट बसवलं. तोंड उघडायचं असतं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. पण इतकी वर्षं जे तिनं कधी म्हटलं नाही, ते एका परक्या माणसासमोर, काकांना खोटं पाडून, कसं म्हणायचं? ती पुढचं वजन पुसायला लागली.

एवढ्यात काकू चहा घेऊन खाली आली. वकिलातीचा माणूस म्हटल्यावर तिला हुरूप चढला. ''अहो, हिला मीच मोठी केली. जन्मल्यापासून. वरच्या खोलीतच झाली ही. एवढीशी होती!'' आणि तिनं ओंजळ करून दाखवली. तोंडाळ दाईसकट सगळी गोष्ट तपासनिसानं शांतपणे ऐकली. चहा चांगला झालाय, म्हणाला, कप धुवायला कुठं ठेवू विचारलं, आणि गेला.

''सज्जन माणूस,'' काकू म्हणाली.

''काम झालं,'' काका म्हणाले.

संध्याकाळी काकांनी भावाला फोन करून हे सगळं सांगितलं. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण काकांना कानाला लावून ऐकू येत नसे.

''दादा,'' बाबा म्हणाले, ''मी अर्ज सावत्र बाप म्हणून केलाय.''

काकांनी घाईघाईनं फोनवर हात ठेवला, बारकीकडे बघितलं, आणि फोन घेऊन जिन्यात गेले. जिन्यातून त्यांचा दबका आवाज येत राहिला. दबक्या आवाजात बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ''पोरगी समोर बसलेली... तिच्या तोंडावर म्हणू?... तुझं तू बघ... अरे, मोठा भाऊ आहे मी तुझा!''

वकिलातीचं पत्र यायला फार दिवस लागले नाहीत. पत्र छोटं होतं आणि अर्थ सरळ होता. मुलीचा जन्म दाखल्यावर दुसऱ्या गावचा आहे, घरचे लोक मात्र जन्म याच घरातला सांगतात. अर्जात मुलगी सावत्र आहे, घरचे लोक रक्ताची सांगतात. तेव्हा ही मुलगी मुळात अर्जदाराच्या मोठ्या भावाचीच असून, तिला परदेशी पाठवण्यासाठी धाकट्याच्या बायकोची मुलगी म्हणून दाखवली आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. मुलीनं आणि तिला सांभाळणाऱ्यानं अमुक तारखेला समक्ष येऊन खुलासा करावा. नाहीतर रक्ताची तपासणी. तपासणीचा निकाल यायला जो काळ लागणार होता, त्यात बारकीचा वाढदिवस येऊन गेला असता.

''म्हणजे?'' काकूनं विचारलं.

''म्हणजे ही आपली मुलगी आहे असं त्यांना वाटतंय,'' काका म्हणाले.

काकू क्षणभर खूश झाली. मग तिला कळलं. ''अगबाई!''

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि खरं सांगायला जावं, तर ते बारकीसमोर सांगावं लागणार होतं, कारण पत्रात दोघांनी या असं लिहिलेलं. म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. एका किराणावाल्याचा काटा काकांनी तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. त्या काट्यात काही बिघाड नव्हता.

आईचा फोन बारकीच्या मोबाइलवर आला. आईचा आवाज नेहमीसारखाच होता. कामाच्या सुट्टीत, भिंतीकडे तोंड करून बोलत असल्यासारखा.

''तूच सांग त्यांना,'' आई म्हणाली. ''मी सांगितलं तर म्हणतील, वहिनीनं पोरीला आमच्याविरुद्ध पढवलं.''

''तू इतकी वर्षं त्यांना का नाही सांगितलंस? की मला सगळं आठवतंय?''

''मला वाटायचं, त्यांचं समाधान आहे तर राहू दे. तुझंही काही जात नव्हतं. आता जातंय. धाकटा विचारतो, ताई फोनमध्येच राहते का?''

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका चष्मा कपाळावर ढकलून बसले होते. बारकी समोर जाऊन उभी राहिली.

''काका, बाबा सावत्र आहेत ते मला माहीत आहे.''

काकांनी चष्मा खाली घेतला. ''कुणी सांगितलं? त्या शेजारच्या चपलावाल्यानं? त्याचं तोंड...''

''कुणी नाही सांगितलं. मी होते ना तिथं.''

''कुठं?''

''लग्नात.''

काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला.

''पाच वर्षांची होते काका. आपली आई कुणाशी लग्न करते ते पाच वर्षांच्या पोराला दिसतं. नवे सँडल घेतले होते मला. आईनं सांगितलं, आजपासून यांना बाबा म्हणायचं. मी विचारलं, आत्तापासून की घरी गेल्यावर?''

काका जिन्याकडे तोंड करून ओरडले, ''अगं, खाली ये!'' काकू हात पुसत खाली आली. ''हिला सगळं माहीत आहे.''

''काय सगळं?''

''सगळं. पहिल्यापासून.''

काकू आधी बारकीकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा लाल झाला. ''आणि ती जन्माची गोष्ट? दर रविवारी मला सांगायला लावायचीस ती? 'काकू, दाई काय म्हणाली सांग ना!' ''

''मला आवडायची.''

''लबाड कुठली! मी वेड्यासारखी दरवेळी नवीन नवीन भर घालतेय...''

''म्हणूनच आवडायची.''

काकू रागानं हसली की हसता हसता रागावली, ते तिचं तिलाही कळलं नसावं. काका मात्र हसले नाहीत. ते बारकीच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. ''लग्नाचं आठवतं म्हणतेस. त्याच्या आधीचं?''

''आधीचं कसलं?'' बारकी म्हणाली. ''फारसं नाही.''

हे खोटं होतं. लग्नाच्या आधी बाबा तिला आणि आईला पहिल्यांदा या दुकानात घेऊन आले होते. आई काकूबरोबर वर गेली. बारकीला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं आणि ती सँडलचा पट्टा लावत होती. आत दोघे भाऊ बोलत होते. दबक्या आवाजात बोलणं काकांना तेव्हाही जमत नव्हतं. ''बाईबद्दल माझं काही म्हणणं नाही,'' काका म्हणाले होते. ''पण दुसऱ्याचं पोर आपल्या घरात नको.'' पट्ट्याचं भोक सापडेना म्हणून तिनं तो तसाच सोडून दिला होता.

त्या वाक्याचं काय करायचं, हे तिला पुढं कधीच ठरवता आलं नाही. वर्षभरानं बाबांची भाड्याची खोली सुटली, तेव्हा काकू स्वतः येऊन तिघांना या घरात घेऊन आली. त्यानंतर याच काकांनी तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, गणितात नापास झाली तेव्हा बाजारभर फिरवून हिशेब शिकवले, गोवर निघाला तेव्हा दुकान बंद ठेवलं. ते वाक्य खोटं नव्हतं आणि हेही खोटं नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर काका उरलेलं आयुष्य तिच्याकडे सरळ बघू शकले नसते. म्हणून तिनं ते जपून ठेवलं, आणि आजही ठेवलं.

तारखेच्या आधी घरात तालीम झाली. काकू साहेब झाली. काटे ठेवायच्या टेबलामागे बसली, डोळ्यांवर काकांचा चष्मा.

''बोला. ही मुलगी आपली कोण?''

''ही माझ्या भावाची... म्हणजे भावाच्या बायकोची...''

''नीट सांगा, वेळ नाही आम्हाला!''

''सा... तू सांगून दाखव बरं!''

''मी साहेब आहे. मी कशाला सांगू?''

''सांगून दाखव म्हणतो ना.''

काकूनं तोंड उघडलं, मिटलं, चष्मा काढून ठेवला. ''मला भाजी बघायची आहे,'' असं म्हणून ती वर गेली.

वकिलातीच्या दालनात बाक एकामागे एक लावले होते, आणि सगळ्यांची तोंडं काचेच्या खिडक्यांकडे होती. बोलत कुणी नव्हतं, पण सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर. खिडकीवरून माणूस परत येताना त्याच्या हातात पासपोर्ट आहे की नाही? पासपोर्ट परत दिला तर नकार, ठेवून घेतला तर होकार, हे इथं बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. एक म्हातारी पासपोर्ट हातात घेऊन परत आली, तेव्हा अख्खी रांग पायांकडे बघायला लागली.

काका-बारकीला खिडकीवर न बोलावता आतल्या एका खोलीत नेलं. खोलीचा दरवाजा काचेचा होता. अधिकारी बाई तरुण होती, सर्दी झालेली, समोर तपासनिसाचा अहवाल.

''ही मुलगी आपली कोण?''

''माझ्या भावाची सावत्र मुलगी,'' काका म्हणाले. घसा साफ करून त्यांनी परत एकदा सांगितलं, ''सावत्र.''

''मागच्या वेळी आपण वेगळं सांगितलंत.''

''खोटं सांगितलं.''

''का?''

''ही समोर होती.''

''आजही समोर आहे.''

''आज हिला माहीत आहे.''

''म्हणजे मधल्या काळात आपण हिला सांगितलंत?''

''नाही नाही. हिला पहिल्यापासून माहीत होतं. हिला माहीत आहे, हे आम्हाला मधल्या काळात कळलं.''

बाईनं पेन खाली ठेवलं. ''आणि वरच्या खोलीतला जन्म? दाई?''

''दाई माझ्या बायकोची आहे. म्हणजे बायकोनं रचलेली. आम्हाला मूल नाही. तिला ती गोष्ट सांगायला बरं वाटतं.''

''हे बघा,'' बाई नाक पुसत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ''पत्र गेल्यावर दुसऱ्यांदा सगळेच बरोबर उत्तर देतात. आमच्या कामाची अडचणच ती. आपण पहिल्यांदा जे बोललात ते न ठरवता बोललात. ही आपली मुलगी नाही, असं मी आज कशावरून धरू? नुसतं आपण म्हणता म्हणून?''

काकांनी बारकीकडे बघितलं आणि लगेच नजर काढली. ''हिला जरा बाहेर पाठवा.''

''तसंही वेगवेगळंच विचारायचं होतं.''

बारकी दरवाज्याबाहेरच्या खुर्चीवर बसली. काचेतून काकांची पाठ दिसत होती. ते बोलत होते. हात हलत नव्हते, आणि काकांचे हात बोलताना हलत नाहीत असं सहसा होत नसे. मग त्यांनी एक हात मानेवर ठेवला आणि तो तिथंच राहिला. बाईनं फाइल उघडली, एक फोटो काढून त्यांच्यासमोर धरला. काकांनी मान हलवली. नाही. पुन्हा, नाही.

मग ते बाहेर आले. तिच्याकडे न बघता म्हणाले, ''जा. विचारतील ते सांग.''

आत गेल्यावर बाईनं तोच फोटो तिच्यासमोर ठेवला. नोंदणी कचेरीच्या पायऱ्या, आई, बाबा, बाबांचे दोन मित्र, आणि मध्ये ती, सँडल दिसावेत म्हणून एक पाय पुढं काढून.

''यात तुझे काका कुठं आहेत?''

''नाहीत.''

''सख्ख्या भावाच्या लग्नात मोठा भाऊ नाही. का?''

''दुकान होतं त्यांचं,'' बारकी म्हणाली.

बाईनं ते लिहून घेतलं नाही. ''त्यांना हे लग्न पसंत होतं?''

हो म्हणणं सोपं होतं. त्या घरात वाढलेलं कुणीही हो म्हणालं असतं. ज्याच्याबद्दल विचारताहेत तो माणूस काचेपलीकडे मानेवर हात ठेवून बसलेला असताना, आपण इथं बसून त्याची जुनी गोष्ट परक्या बाईच्या कागदावर चढवायची? आणि चढवून उपयोग काय? मुलगी नकोशी होती असं सांगितलं, तर ज्या घरात मुलगी नकोशी होती तिथं तिला ठेवलीच कशी, असा नवा प्रश्न निघायचा. काका आत काय बोलले ते तिला ठाऊक नव्हतं. 'पसंत होतं' असं ते म्हणाले असतील, तर तिच्या खरं बोलण्यानं ते दुसऱ्यांदा खोटे ठरणार होते.

''हो...'' ती म्हणाली आणि थांबली. दुकानात तपासनिसासमोर ती अशीच गप्प बसली होती, काकांना जपायला. त्या जपण्यानंच सगळे इथवर आले होते.

''नाही,'' ती म्हणाली. ''पसंत नव्हतं.''

''तुला कसं माहीत?''

''मी ऐकलं होतं. दुकानाबाहेर बाकावर बसले होते.''

''काय ऐकलंस? जसं ऐकलंस तसं सांग.''

बारकीनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य तिनं मोठ्यानं म्हटलं, आणि ते तिला वाटलं होतं त्याहून खूप लहान निघालं.

बाईनं समोरच्या कागदावर आधीच लिहिलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं, शब्द जुळवत असल्यासारखं ते सरकवलं. मग दरवाजा उघडून काकांना आत बोलावलं.

''स्वतःच्या मुलीला कुणी दुसऱ्याचं पोर म्हणत नाही,'' ती म्हणाली, ''आणि असली गोष्ट कुणी ठरवून सांगायला येत नाही. दोघांचं शब्दाला शब्द जुळतंय. संशयाचा शेरा मी काढतेय.'' तिनं बारकीपुढं हात केला. ''पासपोर्ट ठेवून जा.''

काका उभेच राहिले. ''ठेवून म्हणजे... परत कधी?''

''शिक्का झाला की. वाढदिवसाच्या आत होईल. पुढच्या माणसाला पाठवता का?''

बाहेर रस्त्यावर उन्हानं डोळे दिपत होते. वकिलातीच्या भिंतीला लागून बस थांबा होता. तिथल्या पत्र्याच्या सावलीत दोघे बसले. एक बस आली, थांबली, गेली. काकांनी ती बघितली की नाही, कुणास ठाऊक.

''शब्दाला शब्द जुळतंय, म्हणाली ती,'' काका म्हणाले.

''हो.''

''म्हणजे तू ऐकलं होतंस.''

''हो.''

''तेव्हापासून?''

''तेव्हापासून.''

काकांनी हातातली कागदांची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली. ''आणि तरी मला घोडा करून बसायचीस खांद्यावर.''

''तुम्ही बसवायचात.''

''मग काय करणार होतो?'' काका जवळजवळ चिडून म्हणाले. ''वर्षभर तुझा बाप माझ्याशी बोलत नव्हता. तुझी काकू नुसतं ताट समोर आदळायची. शेवटी तीच जाऊन तुम्हाला घेऊन आली, मला न विचारता. तू आलीस ती सरळ दुकानात शिरलीस आणि माझं दोनशे ग्रॅमचं वजन हातात घेऊन बसलीस. बोटं चिकट. मी म्हटलं, ठेव ते, वजन वाढतं. तू म्हणालीस, मग वाढू दे की. ते वजन मला बाद करावं लागलं.''

बारकीला हे आठवत नव्हतं.

''पुढचं ऐकलं होतंस का त्या दिवशी?'' काकांनी विचारलं. ''मी ते बोलल्यावर तुझा बाप काय म्हणाला?''

''नाही. काकूनं मला वर नेलं.''

''तो म्हणाला, पोर नको तर मीही नको. एवढंच. आवाजही चढवला नाही. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि वर गेला तुम्हाला न्यायला.'' काका रस्त्याकडे बघत होते. ''अर्जावर पहिल्यांदा 'सावत्र' लिहिताना रडला तो फोनवर. मी म्हटलं, अरे कागद आहे तो, कागदावर काय लिहायचं ते लिही. मला सोपं होतं म्हणायला.''

दुसरी बस आली. वाहकानं दोघांकडे बघून हात हलवला, येताय की नाही, अशा अर्थानं. काकांनी त्याला जा म्हणून खूण केली.

''काकूला सांगू नकोस,'' ते म्हणाले.

''काकूला तर माहीत आहे तुम्ही काय बोलला होतात.''

''ते माहीत आहे. तू ऐकलंस हे माहीत नाही. कळलं तर मला आठवडाभर जेवायला मिळणार नाही.''

''काका, पुन्हा तेच?''

काका विचारात पडले. ''बरं, सांग,'' ते म्हणाले. ''पण जेवण झाल्यावर सांग.''

फोन वाजला. बाबांचा होता. तिकडे पहाट झाली असेल, झोपले नसतील. काकांनी फोन कानाला लावला, मग ऐकू येईना म्हणून मोठ्या आवाजावर टाकला.

''दादा? काय झालं? बोल ना, काय झालं?''

''पासपोर्ट ठेवून घेतला.''

मग आईचा आवाज, लांबून, काय म्हणाले, काय म्हणाले. मग बाबा, ''दादा, ठेवून घेतला म्हणजे...''

''म्हणजे काय ते मला सांगू नकोस. मला कळतं त्याचा अर्थ काय होतो,'' काका म्हणाले. मग, आवाज उतरवून, ''तिकिटं बघायला लाग.'' त्यांनी मोबाइल बारकीकडे केला. ''घे. तुझे बाबा आहेत.''